हॉरर फिल्म आणि गेमसाठी भीतीदायक संगीत व आवाज कसे तयार करतात? कुठलं सॉफ्टवेअर आणि कुठली लायब्ररी घ्यावी?

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायला रीपर घ्या, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. गेममध्ये आवाज बसवायला एफमॉड किंवा वाइज शिका, शिकण्यापुरती दोन्ही फुकट मिळतात. तुमच्या प्रश्नातला तेवढा भाग संपला.

पण तुम्ही खाली विचारलंय, "कुठली साउंड लायब्ररी विकत घेतली तर लोक हमखास घाबरतील?" त्यासाठी मी लिहायला बसलो. हाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकाने मिक्सिंगच्या खोलीत विचारला होता आणि तेव्हा मला धड उत्तर देता आलं नव्हतं.

मराठी भयपट होता. नाव सांगत नाही. प्रसंग असा: कोकणातलं जुनं घर, रात्र, ओटीवरचा रिकामा झोपाळा आपोआप हलतोय आणि घरातली नवी सून दाराआडून बघतेय. चाळीस सेकंदांचा एकच शॉट. संवाद नाही. माझ्याकडे तो आला तेव्हा त्यावर कुठल्याशा परदेशी लायब्ररीतली, म्हणजे तयार आवाजांच्या संग्रहातली, दाराची करकर लावलेली होती. ज्याने बालपणीची एक तरी सुट्टी झोपाळ्यावर काढली आहे त्याला पहिल्या झोक्यातच कळेल की हे दार आहे. ती करकर एकाच दिशेची होती. झोपाळा जाताना वेगळा बोलतो, येताना वेगळा.

माझ्या आत्याचं घर गुहागरच्या बाजूला आहे. तिथे ओटीवर आठ फूट साखळीचा झोपाळा आहे, पितळी कड्या, वर तुळईत लोखंडी आकडे. मे महिन्यात रेकॉर्डर घेऊन गेलो. दिवसभर काही जमेना. कावळे, शेजारचा पंप, रस्त्यावरची वडाप. म्हणून रात्री अडीचला उठलो. फ्रिजचा प्लग काढला, पंखे बंद केले, तरी विजेच्या मीटरच्या बाजूने ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची, बारीक गुणगुण येतच होती. सुदैवाने थोड्या वेळाने लाईट गेली आणि सगळं घर एकदम गप्प झालं. माड आणि रातकिडे एवढेच उरले.

एक माइक फळीपासून वीतभर अंतरावर ठेवला, दुसरा ओटीच्या पार कोपऱ्यात, आणि तुळईला पिएझोची, म्हणजे लाकडाची थरथर थेट पकडणारी, चकती चिकटवली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती दहा-वीस रुपयांना मिळते, आणि लाकडाच्या पोटातलं जे ऐकवते ते महागडा माइक ऐकवत नाही. झोपाळ्याला हात लावणार एवढ्यात मागून आत्याचा आवाज आला, "रिकामा हलवू नकोस रे. रिकामा झोपाळा हलवू नये."

मी म्हटलं, आत्या, मला रिकाम्याचाच आवाज हवाय. ती ऐकेना. शेवटी स्वतः येऊन बसली. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपरापर्यंत वर सारून त्यांवर पदर गुंडाळला आणि पायाच्या अंगठ्याने झोका घेतला. वीस मिनिटं ती एक शब्द न बोलता झुलत होती आणि मी अंधारात कानाला हेडफोन लावून उकिडवा बसलो होतो.

तेव्हा जे ऐकलं ते मला त्याआधी कुणी शिकवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी, आत्या देवळात गेलेली असताना, मी रिकामा झोपाळा हलवून पाहिला होता. त्याची करकर हलकी होती, वरच्या पट्टीतली, तुटक. माणूस बसलं की भार येतो, आकडा आणि कडी एकमेकांना धरून धरून सोडतात, म्हणून करकर लांबते आणि खाली उतरते. झोका टोकाला गेला की ती आणखी ताणते, तिथे क्षणभर काहीच नसतं, आणि परत येताना दुसऱ्याच सुरात सुरू होते. पण आठ फुटांच्या साखळीला एक पूर्ण झोका घ्यायला साधारण तीन सेकंद लागतात, ते बसलेल्याच्या वजनावर अवलंबून नसतं. शूटिंगचा झोपाळाही जवळपास तेवढाच होता. म्हणजे आत्याचा आवाज त्या रिकाम्या झोपाळ्यावर जसाच्या तसा बसत होता. थोडंसं काप-जोड केलं की झालं.

चित्रात झोपाळा रिकामा आणि आवाजात कुणीतरी बसलेलं. मला त्या रात्रीच अंगावर काटा आला.

एवढ्यावर थांबलं नाही. आत्या उतरली तेव्हा रेकॉर्डर चालू होता. तिने फळीवर हात टेकला, भार पायांवर घेतला, आणि कड्यांनी एकच बारीक आवाज केला. श्वास सोडल्यासारखा. भार उतरल्याचा आवाज. मग तिने झोपाळा हाताने धरून थांबवला आणि झोपायला गेली. तो एक सेकंद मी शॉटच्या बत्तिसाव्या सेकंदाला ठेवला. झोपाळा हलतोय, हलतोय, आणि त्यावरून कुणीतरी उठतं. पुढच्या आठ सेकंदांत फक्त रातकिडे, आणि त्यातल्या पाचव्या सेकंदाला तेही थांबतात. पावलं लावली नाहीत. उठलेलं माणूस कुठे गेलं हे सांगायचंच नव्हतं.

मिक्सला दिग्दर्शकाने ते एकदा ऐकलं आणि म्हणाला, "यात घाबरण्यासारखं काय आहे? इथे धाडकन काहीतरी पाहिजे." मग लायब्ररीचा तो प्रश्न आला. त्याच दुपारी कुठल्याशा पॅकमधला तोच तो तांब्याच्या परातीवर घण घातल्यासारखा दणका बत्तिसाव्या सेकंदाला आला, खाली ड्रोन, म्हणजे सतत घुमणारा एकच सूर, आला, आणि रातकिडे पहिल्या फ्रेमपासून गेले. सिनेमा लागला तेव्हा मी ठाण्याला तिकीट काढून गेलो. दणक्याला सगळं थिएटर उडालं, मग हसलं, मग पॉपकॉर्न चावायला लागलं. दिग्दर्शकाचा रात्री फोन: "बघ, घाबरले ना लोक?"

दचकले. माझ्या चार महिन्यांच्या पुतण्यालाही कुकरची शिट्टी दचकवते. कान दचकतात तेव्हा डोकं त्यात नसतंच. भीती नंतर येते, जेव्हा ऐकणाऱ्याला ओळखीची वस्तू ऐकू येते आणि तिच्यात काहीतरी जुळत नाही. ती कुठल्या पॅकमध्ये मिळेल? पॅक बनवणाऱ्याला तुमच्या ओटीवरचा झोपाळा माहीत नाही.

जुनी माणसं हे करत होती, आणि हाताने करत होती. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'ची सुरुवात आठवा, आवाज लांबून जवळ येतो. खोलीच्या मध्यभागी माइक ठेवला होता आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या होत्या. ते अंतर खरं आहे म्हणून अजून काम करतं. १९५४ च्या जपानी सिनेमातल्या गॉडझिलाची डरकाळी म्हणजे डबल बासच्या तारेवरून ओढलेला राळ लावलेला चामडी हातमोजा. कल्पना संगीतकार अकिरा इफुकुबे यांची, आणि ती टेप हळू चालवली होती. कुठल्याही प्राण्याच्या आवाजाने ते साधलं नसतं.

संगीताबद्दलही माझं मत तेच. ड्रोन विकत घेऊ नका. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेवर व्हायोलिनचा गज ओढा, जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला घासत वाजते त्यामुळे, जे कण्हणं निघतं ते सिंथवर मिळत नाही. दोन तारा एकमेकींपासून दोन हर्ट्झने हलवल्या की सेकंदाला दोन हेलकावे येतात. रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ ठेवा, म्हणजे सप्तकभर खाली उतरवलं तरी धार जात नाही. १९ हर्ट्झला माणसाला भूत दिसतं असं तुम्ही नक्की कुठेतरी वाचलं असेल. १९९८ मध्ये कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या व्हिक टँडी यांनी एका प्रयोगशाळेतल्या पंख्यावरून ते मांडलं होतं. त्याच्या मागे लागू नका. तुमचा अर्धा प्रेक्षक मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार, तिथे २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही पोचत नाही. झोपाळ्याची करकर पोचते.

गेमचं थोडं निराळं आहे, कारण खेळणारा झोपाळ्याकडे पाठ करू शकतो. तो कुठल्या सेकंदाला काय बघेल हे तुमच्या हातात नाही. म्हणून एक लांब फाईल लावून मोकळे होऊ नका. तीच करकर तिसऱ्यांदा आली की कान ती ओळखतो आणि भीती संपते. जाण्याच्या दहा करकरी, येण्याच्या दहा, प्रत्येक वेळी त्यांतली कुठलीही एक, पट्टीत किंचित फरक करून, आणि अंतर वाढलं की जवळच्या माइककडून कोपऱ्यातल्या माइककडे. आवाज नुसता कमी करणं म्हणजे लांब जाणं नव्हे, लांब गेलं की खोली जास्त ऐकू येते. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरायला लागतो. काहीही दिसण्याआधी खेळणाऱ्याला नुसतं कळतं की जवळ कुणीतरी आहे. उठण्याचा आवाज मी गेममध्ये वाजवीन तो खेळणाऱ्याने झोपाळ्याकडे पाठ फिरवल्यावरच.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. दणका वाईटच असतो असं नाही. नीट शांततेनंतर, सिनेमात एकदा आला तर तो मीही लावतो. आणि त्या दिग्दर्शकाचं एक म्हणणं बरोबर होतं: माझा तो एक सेकंद फार हळू होता. स्टुडिओच्या शांततेत मी तो तोलला होता, थिएटरात एसीची घरघर आणि कुजबूज असते. तीन-चार डेसिबलने वर घेऊन, आधीचे रातकिडे थोडे खाली नेऊन, परत ऐकवायला हवं होतं. मी ते केलं नाही, वाद घालत बसलो. त्याने मला एक तास द्यायला हवा होता, एवढं मात्र मी अजूनही म्हणेन. तुमच्यावर अशी वेळ आली तर दिग्दर्शकाला समजावू नका. दोन्ही मिक्स तयार ठेवा आणि सिनेमा न पाहिलेल्या चार माणसांना अंधारात बसवून ऐकवा.

लायब्ररीचे पैसे वाचले तर एक बरा रेकॉर्डर घ्या. गावी जाऊ शकत असाल तर पावसाळ्याच्या आधी जा, पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि करकर बदलते. रहाट, जातं, माळ्याची शिडी, पाळणा, सगळं भार ठेवून एकदा आणि भार काढून एकदा रेकॉर्ड करा, आणि कुणी उठल्यावर लगेच बटण बंद करू नका. पाळण्याच्या वेळी मात्र घरातल्या मोठ्यांना आधी विचारा.