पुण्यातल्या ‘स्कॉच मिशन’च्या मंडळीचं पुढे काय झालं?

तुमचा प्रश्न असा आहे: पणजोबा पुण्यात ‘स्कॉच मिशन’च्या मंडळीत होते असं घरातले सांगतात, पण त्या नावाचं चर्च आता सापडत नाही. मग ती मंडळी आणि ती इमारत गेली कुठे?

मंडळी, म्हणजे एका चर्चचा ख्रिस्ती समाज, कुठेही गेली नाही, फक्त दारावरची पाटी बदलत गेली. मी पुण्यातल्या एका जुन्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचा सभासद आहे आणि आमच्याकडची जुनी रजिस्टरं लावून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे ही शोधाशोध माझ्या अगदी जिव्हाळ्याची आहे.

आधी एक घोळ मिटवू. इथे प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटिश चर्चच्या पद्धतीची, उपासना दोन ठिकाणी चालायची. लष्करात, म्हणजे कॅम्पात, ती स्कॉटिश शिपायांसाठी आणि अंमलदारांसाठी, इंग्रजीतून. शहरात मिशनची मंडळी, मराठीतून. पणजोबा मराठी घरातले असतील तर कॅम्पातली देवळं (चर्चच्या इमारती) शोधत बसू नका, पेठांकडे बघा.

स्कॉटिश मिशनरी पहिल्यांदा कोकणात उतरले, १८२३ साली, बाणकोटला. तिथून त्यातले काही १८३० च्या आगेमागे घाट चढून पुण्यात आले. जेम्स मिचेल हे त्यातलं मोठं नाव. मंडळी लहानच होती. बाप्तिस्मा घेतला की घरदार, जात, वतन सगळ्यालाच मुकायचं, मग माणसं येणार किती? मिशनच्या शाळेचा पसारा मात्र मंडळीपेक्षा कितीतरी मोठा. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीरावांची घडण या शाळेला वगळून सांगता येत नाही. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पद्मनजी पुढे फ्री चर्चच्या मंडळ्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाले. आणि वजीर बेग हे नाव पुण्यात कुणाला ठाऊकच नसतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पुण्यात मुसलमान घरात जन्मलेला हा माणूस मिशनच्या शाळेत शिकला, ख्रिस्ती झाला आणि थेट ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या चाल्मर्स चर्चचा पाळक झाला.

आता ‘फ्री चर्च’ कुठून आलं ते सांगतो, कारण तुमची गाठ तिथेच अडली आहे. प्रेस्बिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. मंडळी आपल्यातून ‘वडील’ (एल्डर) निवडते आणि पाळक व वडील मिळून कारभार बघतात. पण स्कॉटलंडात पाळक कोण हे गावचा जमीनदार ठरवू लागला होता. त्यावरून १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत पाळकांचा मोठा गट चर्चची सभा सोडून बाहेर पडला, आणि सगळे मिळून साडेचारशेहून जास्त पाळकांनी जुनं चर्च सोडून फ्री चर्च उभं केलं. पगार, राहतं घर, देऊळ, सगळ्यावर पाणी सोडून. हिंदुस्थानात चर्च ऑफ स्कॉटलंडचे जेवढे मिशनरी होते ते सगळे त्यांच्या बाजूने गेले. माणसं फ्री चर्चची, मिळकत मात्र जुन्या चर्चची, अशी स्थिती झाली. मुंबईत मिशनच्या शाळेची नवी इमारत सोडून द्यावी लागली. स्कॉटिश मंडळ्यांचा इतिहास इमारतीवरून लावायला गेलं की फसतो तो यामुळेच.

तेवढ्यावर भागलं नाही. १९०० मध्ये फ्री चर्च दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन चर्चशी एक होऊन युनायटेड फ्री चर्च झालं. मूठभर लोक वेगळे राहिले आणि कोर्टात गेले. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मिळकत त्या मूठभरांना दिली! पुढच्या वर्षी पार्लमेंटला खास कायदा करून वाटणी लावावी लागली. इकडे त्याच १९०४ मध्ये भारतातल्या बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी स्वतःचं चर्च उभं केलं, १९२४ मध्ये ते काँग्रिगेशनल मंडळ्यांबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आलं, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजेच सीएनआय स्थापन झालं. पणजोबा एकाच बाकावर बसून राहिले असते तरी त्यांच्या चर्चचं नाव तीन-चारदा बदललं असतं.

तेव्हा पाटी सोडा, रजिस्टर धरा. पेठांमधल्या जुन्या सीएनआय मंडळ्यांच्या पाळकसाहेबांना आधी पत्र लिहा, मग भेटा. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं वेगवेगळी असतात; सुरुवात लग्नाच्या रजिस्टरापासून करा, कारण त्यात नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचं नाव, धंदा आणि साक्षीदार सापडतात. आडनावावर विसंबू नका. जुन्या नोंदीत कित्येकदा नुसतं नाव आणि बापाचं नाव, तेही साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं रोमनमध्ये लिहिलेलं: ‘विठोबा’चं स्पेलिंग एकाच पानावर दोन तऱ्हांचं मी पाहिलं आहे. कडेच्या समासात बारीक अक्षरात काही लिहिलेलं असेल तर तेही वाचा. दुसऱ्या गावच्या मंडळीला दाखला देऊन माणूस पाठवला, अशी नोंद तिथेच असते.

इथे काही मिळालं नाही तर मिशनचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. आणि कृपा करून पानांचे फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, पान दाबून सपाट करू नका. कागद पापडासारखा झालाय, घडीवर बोट ठेवलं तरी तुटतो. पणजोबांचं मूळ गाव आणि लग्नाचं अंदाजे साल इथे लिहिलंत तर कोणत्या मंडळीपासून सुरुवात करायची ते मी सांगू शकेन.