अबोल असणं वेगळं, स्वतःला कमी लेखणं वेगळं

प्रिय मैत्रिणी,

वर्गात बोलायची भीती वाटते हे सांगताना ‘मी इंट्रोव्हर्ट (अंतर्मुख) आहे, मला काहीच जमत नाही,’ असं तू एका दमात लिहिलंस. यातला पहिला भाग तुझ्या स्वभावाचा आहे. दुसरा म्हणजे तू स्वतःला दिलेले मार्क.

मोबाइलवरच्या, स्वभावाचे सोळा प्रकार सांगणाऱ्या चाचणीवर विसंबू नकोस. ती माणसाला या किंवा त्या खणात टाकते, पण बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, की अनेकांचा प्रकार बदलतो. शिवाय बोलकी मुलंही स्वतःला कमी लेखतात. फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आरशासमोर ‘मी ग्रेट आहे’ म्हणणं बंद कर. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. मनाला न पटणारं वाक्य घोकलं, की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे काढतं. त्यापेक्षा खरं आणि नेमकं लिही: ‘रसायनशास्त्रातली मोलची गणितं अडतात, प्रयोगवही पूर्ण आहे.’

आता वर्गात बोलण्याचं. पहिल्या आठवड्यात तास संपल्यावर एकच प्रश्न विचार, वहीत लिहून नेलेला. दुसऱ्या आठवड्यात तसाच प्रश्न भर तासाला. तिसऱ्यात उत्तरासाठी हात वर. प्रत्येक वेळेआधी वहीत लिही, ‘सगळे हसतील’ याची १० पैकी किती खात्री वाटते. नंतर शेजारी लिही, खरोखर किती जण हसले. एखादी पायरी फारच अवघड गेली तर तीच पुन्हा कर, गॅदरिंगच्या सूत्रसंचालनावर उडी नको.

फसतं ते बहुधा इथे: मान खाली घालून, भराभर बोलून मुली सुटका करून घेतात. मग मनाला वाटतं, मान खाली होती म्हणून वाचलो. भीती जिथल्या तिथे राहते. म्हणून आधी वेग कमी कर, मग मान वर.

आणि सगळे बघतात म्हणशील तर, अमेरिकेतल्या एका प्रयोगात (२०००) विद्यार्थ्यांना घालताना ओशाळल्यासारखं होईल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी चित्र ओळखलं असेल. ओळखलं होतं सुमारे पाव लोकांनी.

झोप आणि भूक बिघडली, आवडीचंही नकोसं झालं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर हा वहीचा उपाय पुरणार नाही. घरच्या मोठ्यांना सांग, किंवा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर एक दिवसही थांबू नकोस.

पहिल्या प्रश्नासाठी ज्यांचा स्वभाव जरा शांत आहे अशा सरांचा किंवा मॅडमचा तास निवड. गणिताचा तास नंतर बघू.