संघनाम, बोधचिन्ह आणि शुभंकर

अमेरिकन फुटबॉलविषयी वाचताना एका वाचकाला असे विधान आढळले, की ज्या संघांचे ‘मॅस्कॉट’ प्राणी आहेत ते सुपर बोल, म्हणजे तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगचा वार्षिक अंतिम सामना, कमी वेळा जिंकतात आणि ज्यांचे मॅस्कॉट माणसे आहेत ते अधिक वेळा जिंकतात. येथे ‘मॅस्कॉट’साठी मराठीत ‘बोधचिन्ह’ लिहावे की ‘शुभंकर’, आणि मूळ विधानात कितपत तथ्य आहे, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण त्या विधानातला ‘मॅस्कॉट’ बोधचिन्हाविषयी नाही आणि शुभंकराविषयीही नाही. तो संघाच्या नावाविषयी आहे. अमेरिकेत व्यावसायिक संघाचे नाव बहुधा दोन भागांचे असते. आधी शहराचे किंवा प्रदेशाचे नाव येते आणि त्यामागून ‘बेअर्स’, ‘काउबॉइज’, ‘ईगल्स’ असे एखादे उपनाम येते. तिथल्या रोजच्या बोलण्यात, विशेषतः शाळा-महाविद्यालयांच्या संघांबाबत, या उपनामालाच सर्रास मॅस्कॉट म्हटले जाते. मराठीत मात्र या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द देता येतात आणि ते द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. संघाला ज्या नावाने हाक मारली जाते ते संघनाम, शिरस्त्राणावर किंवा ध्वजावर जी आकृती असते ते बोधचिन्ह, आणि सामन्याच्या वेळी मैदानात उतरून प्रेक्षकांना चेतवणारा वेषधारी किंवा जिवंत प्राणी तो शुभंकर.

‘शुभंकर’ हा प्रतिशब्द मला विशेष नेमका वाटतो. ‘भयंकर’, ‘क्षेमंकर’ यांच्या वळणावर झालेल्या या संस्कृत शब्दाचा अर्थ शुभ करणारा, आणि मूळ शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. प्रोव्हान्साल भाषेतल्या चेटकीण या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमध्ये ‘मास्कोत’ आला. एदमों ओद्रान या संगीतकाराच्या 1880 मधील ‘ला मास्कोत’ या संगीतिकेने तो सर्वतोमुखी केला. तिच्यातली खेड्यातली मुलगी ज्याच्या घरी राहील त्याचे भाग्य उजळते, अशी ती कथा आहे. तेव्हा भाग्य आणणे हा अर्थ या शब्दात पहिल्यापासून आहे, आणि ‘बोधचिन्ह’ म्हटल्यावर तो पूर्णपणे गळून पडतो.

आता विधानाकडे वळू. जानेवारी 1967 मधील पहिल्या सुपर बोलपासून फेब्रुवारी 2025 पर्यंत 59 अंतिम सामने झाले. नॅशनल फुटबॉल लीगच्या आजच्या 32 संघांपैकी 14 संघांची नावे पशुपक्ष्यांची किंवा जलचरांची आहेत आणि त्यांच्या वाट्याला मिळून 15 विजेतेपदे आली आहेत. माणसांवरून, म्हणजे व्यवसाय, टोळी, पद किंवा व्यक्ती यांवरून नावे असलेले साधारण 16 संघ आहेत आणि त्यांच्याकडे 43 विजेतेपदे आहेत. उरलेले एक न्यूयॉर्कच्या ‘जेट्स’चे, म्हणजे विमानाचे. ‘साधारण’ म्हणण्याचे कारण असे, की ‘चार्जर्स’सारखे (चाल करून जाणारा किंवा युद्धातला घोडा, असे दोन्ही अर्थ निघणारे) नाव कोणत्या खान्यात घालावे याविषयी दुमत होऊ शकते, पण तो संघ कधीच जिंकलेला नसल्याने बेरीज बिघडत नाही. थोडक्यात, संघनामांपुरते ते विधान आकड्यांनी खरे ठरते.

तेच विधान शुभंकरांना लावले की मात्र ते डळमळते. कॅन्सस सिटीचा संघ पाहा. 1963 मध्ये डॅलसहून तिथे आलेल्या या संघाला ‘चीफ्स’ हे नाव मिळाले ते शहराचे महापौर एच. रो बार्टल यांच्यामुळे, कारण त्यांना लोक ‘चीफ’ म्हणत. म्हणजे संघनाम माणसाचे आहे. शिरस्त्राणावर बाणाचे टोक आहे, आणि मैदानात 1989 पासून नाचतो तो के. सी. वुल्फ, म्हणजे लांडगा. जुन्या मैदानावर गलका करणाऱ्या ‘वुल्फपॅक’ नावाच्या प्रेक्षकांची ती आठवण आहे. या संघाच्या चार विजेतेपदांपैकी 2020, 2023 आणि 2024 ही तीन लांडग्याच्या काळातली आहेत. ती माणसाच्या खात्यावर मांडायची की प्राण्याच्या, हे शब्द नीट योजल्याशिवाय ठरतच नाही. बफेलोच्या ‘बिल्स’चेही असेच आहे: नाव बफेलो बिल या व्यक्तीवरून, बोधचिन्ह आणि शुभंकर मात्र गवा. पिट्सबर्गच्या ‘स्टीलर्स’कडे सहा विजेतेपदे आहेत, पण त्यांचा स्टीली मॅकबीम हा पोलादकामगार शुभंकर 2007 मध्ये अवतरला, तोवर पाच विजेतेपदे पदरात पडलेली होती. ग्रीन बेच्या ‘पॅकर्स’ना तर शुभंकरच नाही, तरीही त्यांच्याकडे चार सुपर बोल आहेत. ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने 1919 मध्ये पोशाखांसाठी पैसे दिले तिच्यावरून त्यांचे नाव पडले.

नावामुळे यश मिळते, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. पिट्सबर्गचा संघ 1933 मध्ये ‘पायरेट्स’ म्हणून सुरू झाला आणि 1940 मध्ये त्याने ‘स्टीलर्स’ हे नाव घेतले. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्याला एकही विजेतेपद लाभले नाही. नाव तेच राहिले. बदलले ते प्रशिक्षक, आणि चक नोल यांच्या हाताखाली 1974 च्या एकाच खेळाडू-निवडीत पुढे दिग्गज ठरलेले चार खेळाडू संघात आले. पहिले विजेतेपद जानेवारी 1975 मध्ये मिळाले आणि सहा हंगामांत एकूण चार. ‘पेट्रियट्स’ हे नावही 1960 पासून होते, पण प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि खेळाडू टॉम ब्रेडी एकत्र आल्यावरच, 2002 पासून, त्या संघाची सहा विजेतेपदे झाली. उलट सुपर बोलमध्ये चार-चार वेळा पोहोचून एकदाही न जिंकलेले ‘व्हायकिंग्ज’ आणि ‘बिल्स’ हे दोन्ही संघ माणसांच्याच नावांचे आहेत.

प्राण्यांमध्येही सगळे सारखे नाहीत. घोड्यांच्या दोन संघांनी, ‘ब्रॉन्कोज’ आणि ‘कोल्ट्स’ यांनी, पाच सुपर बोल जिंकले आहेत, तर मार्जारकुळातल्या चार संघांना (सिंह, चित्ता-बिबट्याचे भाऊबंद पँथर व जॅग्वार, आणि बंगाली वाघ) अजून एकही नाही. सुपर बोलच्या आधीची विजेतेपदे धरली तर चित्र आणखी पालटते: शिकागोच्या ‘बेअर्स’कडे एकूण नऊ आहेत, म्हणजे ‘पॅकर्स’च्या खालोखाल, आणि डेट्रॉइटच्या सिंहांनीही 1935 ते 1957 या काळात चार मिळवली होती. ‘बेअर्स’ हे नाव 1922 मध्ये आले. शहरातल्या बेसबॉल संघाचे नाव ‘कब्ज’, म्हणजे पिल्ले, होते. फुटबॉलपटू अंगाने थोराड, म्हणून ते अस्वल झाले.

लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. येथे शहर बदलते आणि नावही बदलते. ‘रॅम्स’नी 2000 मधला सुपर बोल सेंट लुईसचे म्हणून जिंकला आणि 2022 मधला लॉस एंजेलिसचे म्हणून. वॉशिंग्टनच्या संघाची तिन्ही विजेतेपदे ज्या नावाने मिळाली ते नाव, मूळ अमेरिकनांचा अवमान करणारे म्हणून, 2020 मध्ये सोडण्यात आले आणि 2022 पासून संघ ‘कमांडर्स’ म्हणवतो. म्हणून विजेतेपदांविषयी लिहिताना त्या वर्षीचे शहर आणि संघनाम द्यावे, ‘मॅस्कॉट जिंकला’ अशा अर्थाचे वाक्य टाळावे, आणि ‘शुभंकर’ हा शब्द ज्याला खरोखर वेष चढवून मैदानात उतरवले जाते त्याच्यासाठीच राखावा. वाचकाने दिलेले विधान मी असे लिहीन: ‘प्राण्यांची संघनामे असलेल्या संघांनी 2025 पर्यंतच्या 59 पैकी 15 सुपर बोल जिंकले आहेत.’