बेचाळीस हजारांची तार आणि तानपुऱ्याची जवारी

प्रश्न : बँकेतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. आयुष्यभर मनात होतं म्हणून यंदा चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेतली. हॉल लांबट आहे, अ‍ॅम्प्लिफायर एका टोकाच्या कपाटात, त्यामुळे प्रत्येक स्पीकरला ८ मीटर तार लागते. सध्या खोक्यातून आलेली लाल-काळी पातळ तार आहे. दुकानातला माणूस घरी येऊन बोटभर जाड विलायती केबल जोडून दाखवून गेला. किंमत ४२ हजार. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, मोकळी झाल्यासारखी वाटली. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तांबं ते तांबंच, मनाचे खेळ आहेत.’ पण मला फरक ऐकू आला. खरं कोणाचं? शिवाय टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडल्यापासून घुं-घुं येते, ती या केबलने जाईल का?

उत्तर : साहेब, तुमच्या कानांना खोटं पाडायचं मला काही कारण दिसत नाही. फरक ऐकू आला असेल. पण तो ४२ हजारांचा नव्हे, जाडीचा.

ही खोक्यातली तार बहुधा अर्ध्या स्क्वेअर एमएमची असते. ८ मीटर जायचे, ८ यायचे, म्हणजे १६ मीटर तांबं. त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण ०.६ ओहम भरतो. आता स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ८ नसतो. कुठे ५ वर उतरतो, खर्जात एखाद्या ठिकाणी ३० वर चढतो. जिथे ५ आहे तिथे जवळजवळ १ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) तारेतच खर्ची पडतो, जिथे ३० आहे तिथे ०.२ सुद्धा नाही. म्हणजे आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा तोल ढळतो. तानपुऱ्यासारख्या भरल्या आवाजात तो तयार कानाला जाणवू शकतो.

आता हीच ८ मीटर तार अडीच स्क्वेअर एमएमची घ्या, मल्टिस्ट्रँड म्हणजे अनेक बारीक धाग्यांची, शुद्ध तांब्याची. मेनरोडला किंवा एम. जी. रोडला शे-सव्वाशे रुपये मीटरने मिळते. रोध उतरतो ०.११ ओहमवर, आणि सगळ्यात वाईट ठिकाणीही घट ०.२ डेसिबलच्या आत येते. बोटभर जाड विलायती केबलला यापुढे कमवायला राहिलं काय? त्या ०.२ मधलाच एखादा तुकडा. चांदीची तार घेतली तरी चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के बरी वाहक आहे. तेवढ्यासाठी निवृत्तीच्या पैशातले ४२ हजार घालू नका, असं मी तुम्हाला कळकळीने सांगतो.

माझं आयुष्य सातपूरच्या कारखान्यात टेस्टिंग विभागात गेलं आणि संध्याकाळी पंचवटीत अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीत. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. उजवा स्पीकर मोठ्या आवाजाला फाटतो, महागडी केबल घेऊ का, म्हणाले. तार घेऊन यायला सांगितलं. टोकाशी प्लॅस्टिकच्या आत तांब्यावर हिरवा कळंक चढलेला, आणि स्क्रूखाली प्लॅस्टिकच दाबलेलं. सगळा भार दोन केसांएवढ्या धाग्यांवर. बोटभर तुकडा कापला, पुढे तांबं गुलाबी, लखलखीत निघालं. धागे पिळून घेतले, दोन्ही टोकांना पिना सोल्डर केल्या. फाटणं त्या दिवसापासून बंद आहे. नदीकाठच्या जुन्या घरांत हे नेहमीचं, पण तुम्हीही वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, टोकं उघडून पाहत जा.

चिरंजीवांना मात्र माझ्या वतीने एवढं सांगा की ‘मनाचे खेळ’ हा शब्द कुणाच्या अंगावर फेकू नये. माझे एक स्नेही तबल्याचे निवृत्त शिक्षक. गट्ट्यावर हातोडीची हलकी टिचकी बसली तर किती चढला ते सांगतील, असा कान. त्यांनी कुठूनशी महागडी केबल मागून आणली. माझ्याकडची अडीच एमएम आणि ती, दोन्ही चादरीमागे लपवल्या. नाणं उडवून कोणती जोडायची ते त्यांची सून ठरवत होती. १६ वेळा ऐकलं, ९ बरोबर आले. नुसत्या अंदाजानेही सरासरी आठ येतातच. त्यांचा कान कमी पडला असं कोण म्हणेल? ऐकायला तिथे काही नव्हतंच.

२००७ मध्ये अमेरिकेत, भोंदू दाव्यांचं पितळ उघडं पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची १२ फुटी स्पीकर केबलची जोडी साध्या केबलहून सरस असल्याचं चाचणीत सिद्ध करणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही, त्यामुळे तिचा दाखला मी कुठल्याच बाजूने देत नाही. आपली चादर बरी.

तार खरोखर आवाज बदलते अशी एक जागा सांगून ठेवतो, कारण तुमच्याकडे जुन्या तबकड्या असतील असं वाटतं. रेकॉर्ड प्लेयरची सुई जिच्यात बसते ती कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट जातीची असेल, तर प्लेयरपासून पुढे जाणाऱ्या तारेचा कपॅसिटन्स, म्हणजे वीजभार साठवून धरण्याचा गुण, तिला बाधतो. तार लांबली की वरचे सूर बदलतात. ती तार आखूड ठेवा. तिथेही किंमत नव्हे, लांबी पाहा.

घुं-घुंचं म्हणाल तर ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरण्याआधीच लागलेली आहे, स्पीकरची तार तिला काय करणार? केबलवाल्याच्या वायरीची अर्थ (अर्थिंग) वेगळी, तुमच्या घराची वेगळी, आणि दोन्ही सेट-टॉप बॉक्समध्ये भेटतात. बॉक्सच्या मागची केबलवाल्याची गोल पिन काढून पाहा. घुं-घुं थांबली तर तिथे आयसोलेटर, म्हणजे दोन अर्थिंगची गाठ तोडणारा छोटा जोड, बसवून घ्या. पण कुणी अ‍ॅम्प्लिफायरच्या थ्री-पिनची अर्थ काढायला सांगेल, ते अजिबात करू नका. आवाज जाईल, पण बॉडीला करंट उतरला तर जिवावर बेतेल.

दुकानदाराकडे ती केबल आठ दिवसांसाठी मागा. मिळाली तर पातळ तारेशी नव्हे, अडीच एमएमशी ताडून पाहा. एक पथ्य पाळा : दोन्ही वेळा आवाज अगदी सारखा हवा. थोडा मोठा असला तरी तो कानाला मोठा नाही, चांगला वाटतो. १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा, दोन्हीकडे एकच यायला हवं. मग सूनबाई नाही तर चिरंजीव, चादरीमागे कुणालाही बसवा. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता १०० त ४ एवढीच. तसं झालं तर मला जरूर कळवा, मी माझा मीटर घेऊन इंदिरानगरला येईन.

अडीच एमएम विकत घ्यायच्या आधी पंचवटीत चक्कर मारा. माझ्याकडे १६ मीटरची गुंडाळी पिना लावून तयार आहे, तुलनेपुरती घेऊन जा.