मुलीची स्वीडिश आणि आजीची साक्ष

ताई, प्रभूमध्ये सप्रेम सलाम. माझं माहेर नंदुरबारजवळचं, सासर नवापूर तालुक्यातलं. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो. गेल्या काही वर्षांत सुट्ट्यांमध्ये मुलांना रोम दाखवलं, यरुशलेमला जाऊन आलो, यंदा ग्रीसमध्ये फिलिप्पैलाही गेलो. देवाची कृपा अशी, की पंधरा वर्षांची मुलगी आता स्वतःहून पवित्र शास्त्र उघडते. पूर्वी मागे लागावं लागायचं. पण परवा जेवताना तिने विचारलं, "आई, आपला विश्वास या लोकांनीच आपल्याला दिला ना? मग आपलं स्वतःचं काय?" धाकटा लगेच म्हणाला, "आजीच्या गावचं चर्च म्हणजे इथल्या चर्चची ब्रँच." सासूबाई गावी असतात. मावची ही आमची आदिवासी बोली बोलतात, मराठी समजतं. मुलांचं त्यांच्याशी बोलणं व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का"च्या पुढे जात नाही. या नाताळात गावी जायचं ठरतंय. प्रवासात मुलांना जे मिळालं, ते गावाशी कसं जोडू?

प्रिय भगिनी,

तुम्हाला मुलीच्या प्रश्नाची धास्ती वाटलेली दिसते. मला मात्र पत्र वाचून आनंद झाला. ज्या मुलीला विश्वासाशी देणंघेणं नाही, ती असलं काही विचारत बसत नाही. तिचा प्रश्न खरा आहे, तेव्हा "असं बोलू नये" म्हणून तो मिटवू नका. त्याला पुरतं उत्तर द्या, आणि उत्तर तुमच्याच प्रवासात आहे.

फिलिप्पैपासून सुरुवात करा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ मुलांबरोबर पुन्हा वाचा. पौल त्रोवसात होता, म्हणजे आशियाच्या किनाऱ्यावर. तिथून समुद्र ओलांडून तो मासेदोनियात आला. फिलिप्पैच्या नदीकाठी ज्या लुदियेचं अंतःकरण प्रभूने उघडलं, ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई मूळची थुवतीराची, तीसुद्धा आशियातलीच. युरोपात सुवार्ता गेली ती आपल्या बाजूने. तुम्ही त्या नदीवर जाऊन आलात, पण हे मुलांना तिथे कोणी सांगितलं नसणार. बहुतेक गाईड अवशेष दाखवतात आणि पुढे चालू लागतात.

मग स्वीडनकडे या. उन्हाळ्यात स्टॉकहोमहून बोटीने बिर्काच्या बेटावर जाता येतं. नवव्या शतकात अन्सगार नावाचा साधू तिथे सुवार्ता घेऊन आला होता. तोही परदेशीच, आणि त्याचं काम तिथे लगेच रुजलंही नाही. स्वीडनचा राजा उलोफ याचा बाप्तिस्मा सन १००० च्या आसपासचा मानतात. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना'त बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि अनेक अभ्यासक हे मुंबईजवळचं आपलं कल्याण मानतात. म्हणजे स्वीडनमध्ये ख्रिस्ताचं नाव पोचण्याच्या कितीतरी आधी ते आपल्या किनाऱ्यावर घेतलं जात होतं. कल्याण आणि नवापूर यांचा थेट धागा नाही, तसा तो ओढूनताणून जोडूही नका. मुलीला एवढंच कळायला हवं, की विश्वास कोणत्याच देशाच्या मातीत आपोआप उगवलेला नाही. प्रत्येक ठिकाणी तो कोणीतरी चालत जाऊन पोचवला आणि तिथल्या माणसांनी आपला करून घेतला. त्या हिशेबाने स्वीडनचं चर्चही कोणाची तरी 'ब्रँच' ठरेल. धाकट्याला हे नक्की सांगा.

आता खानदेशाकडे येऊ. तुमच्या भागात काम केलेल्या दोन मिशनांची नावं इतकी सारखी आहेत, की जुन्या माणसांचाही गोंधळ होतो. एक स्वीडिश अलायन्स मिशन. तिचं मुख्य ठिकाण यॉनशॉपिंग, तुमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर. दुसरी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. ती १८९० मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक फ्रान्सन यांनी सुरू केली, आणि १९४९ पासून तिचं नाव द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन झालं. फ्रान्सन स्वतः जन्माने स्वीडिश, नोरा गावाजवळच्या पेर्शहुत्तानचे. ती खाणकामगारांची वस्ती आजही जपून ठेवली आहे, जुनी लोखंड वितळवण्याची भट्टी पाहता येते. तुमच्या माहेरच्या आणि सासरच्या मंडळ्या, म्हणजे तिथली चर्चं, यांपैकी कोणाच्या कामातून उभ्या राहिल्या, हे आधी पाळकसाहेबांना विचारून पक्कं करा. दोन्ही बाजू वेगळ्या निघाल्या तरी नवल नाही.

आणि इथे तुमच्या मुलीकडे असं काही आहे, जे नंदुरबारात क्वचितच कोणाकडे असेल. तिला स्वीडिश येतं. मिशनरी लोक घरी पत्रं लिहायचे, अहवाल पाठवायचे, फोटो पाठवायचे. आपल्या आजी-आजोबांच्या गावांची, दुष्काळांची, बोर्डिंगच्या मुलांची, पहिल्या बाप्तिस्म्यांची वर्णनं स्वीडिशमध्ये पडून आहेत आणि आपल्यातला जवळजवळ कोणी ती वाचू शकत नाही. ज्या भाषेमुळे मुलगी गावापासून तुटेल अशी तुम्हाला भीती वाटते, त्याच भाषेत तिच्या गावाची हकिकत लिहिलेली आहे. यॉनशॉपिंगच्या कार्यालयाला तिच्याच हाताने पत्र लिहू द्या: खानदेशातल्या कामाचे जुने फोटो, अंक, पत्रं कुठे पाहायला मिळतील? तुम्ही फक्त सोबत जा.

शोधताना एक लक्षात ठेवा. जुन्या कागदांत 'नंदुरबार जिल्हा' सापडणार नाही, कारण तो १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणून त्यानंतरच्या कागदांत 'पश्चिम खानदेश' शोधा आणि त्याआधीच्या कागदांत नुसतं 'खानदेश'. धुळ्याचं स्पेलिंग 'धुलिया' असं मिळेल.

हे वाचताना मुलीला एकटी सोडू नका. मिशनऱ्यांनी घरदार सोडलं, कित्येकांनी आपली लेकरं इथल्या तापात गमावली. त्यांचं ऋण मोठं आहे आणि मी ते मानते. पण ते लिहीत होते त्यांच्या देशातल्या देणगीदारांसाठी. त्यांच्या पत्रांत आपली माणसं पुष्कळदा बिननावाची असतात: 'एक भिल्ल बाई', 'आमचा स्वयंपाकी', 'गावचा एक म्हातारा'. पाड्यापाड्यांत पायी फिरून वचन सांगणाऱ्या बाया, रात्रीच्या शाळेत कंदिलाखाली अक्षरं गिरवून घेणारे मास्तर, मारझोड सोसून, भावकी तुटूनही प्रार्थनेला येत राहिलेली पहिली घरं, यांच्यामुळे मंडळी टिकली. साहेब गेले, तरी मंडळी राहिली. "आपलं स्वतःचं काय" याचं उत्तर हे आहे, आणि त्यातली नावं कागदावर मिळाली नाहीत तरी सासूबाईंच्या तोंडी मिळतील.

म्हणून या नाताळचा मुख्य प्रवास सासूबाईंच्या खाटेपाशी. त्यांची साक्ष, म्हणजे त्यांच्या विश्वासाची हकिकत, नोंदवून घ्या. "आजी, तुझी साक्ष सांग" असं एकदम म्हटलं तर त्या मंडळीत उभं राहून बोलल्यासारखं चार वाक्यं बोलतील आणि थांबतील. लहान-लहान विचारा. घरात सगळ्यात आधी बाप्तिस्मा कोणी घेतला? कुठे, नदीवर की चर्चात? तेव्हा भाऊबंद काय म्हणाले? लग्न कसं झालं, हळद लागली का, नाचलात का? आजारपणात आधी कोणाकडे जायचे? चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्याची एखादी तरी आठवण त्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे असते. फोन उशाशी ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि मधे बोलू नका. पाळकांची परवानगी घेऊन बाप्तिस्म्याची जुनी वही पाहा, तुमच्या घराच्या नोंदीचा फोटो काढा. शेवटी कबरस्तानात जाऊन या.

यरुशलेमला जैतुनाच्या डोंगरावरचं ते चर्च पाहिलंत का, जिथे भिंतींवरच्या फरश्यांवर प्रभूची प्रार्थना शंभराहून अधिक भाषांत लिहिली आहे? पाहिलं असेल तर मुलांना तो फोटो काढून आजीला दाखवायला सांगा आणि तिला ती प्रार्थना मावचीत म्हणायला लावा. मंडळीत त्या मराठीत म्हणत असतील. पण पहाटे एकटीच गुडघ्यावर येतात, तेव्हा कोणत्या भाषेत बोलतात ते विचारा. मुलांनी ती कानाने ऐकून, देवनागरीत नाही जमलं तर स्वीडिश अक्षरांत, लिहून घ्यावी आणि परत गेल्यावर जेवणाआधी म्हणावी. उच्चार चुकतील. चुकू द्या, पुढच्या कॉलवर आजी दुरुस्त करतील, आणि "जेवलीस का"च्या पुढचं बोलणं तिथूनच सुरू होईल.

एक गोष्ट जपून, पण सांगायलाच हवी. मुलगी वारसा विचारते आहे, तर ती उद्या बाप्तिस्म्याच्या आधीचंही विचारेल. आपण आदिवासी, मग आपला जुना डोंगऱ्यादेव काय, होळी काय, आजोबांचे आजोबा काय मानत होते? काही घरांत या प्रश्नावर तोंडं बंद होतात. मला ते बरं वाटत नाही. काय सोडलं आणि का सोडलं, हे ज्याने सोडलं त्याच्याच तोंडून ऐकलं, तर मुलांना त्या निर्णयाचं मोल कळतं. आणि जे सोडलं नाही, म्हणजे बोली, ढोलाचा ठेका, रानाची ओळख, एकमेकांच्या शेतात राबणं, ते किती आहे हेही दिसतं. प्रत्येक मंडळीची यातली रीत वेगळी आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या मर्यादेत राहून बोला, पण बोला.

मुलांना गावात पाहुणे करू नका. स्वीडनमध्ये आगमनकाळात घरोघरी खिडकीत कागदी तारा लागतो, तो त्यांच्या ओळखीचा आहे. गावचा तारा करताना पोरांबरोबर बसून बांबूच्या काड्या तासायला, सुतळीने सांधे बांधायला, पतंगाचा कागद खळीने चिकटवायला धाकट्याला बसवा. त्याचे हात चिकट होऊ द्या, खुर्ची देऊ नका. मुलीने कॅरोलच्या रात्री मंडळींबरोबर घरोघर फिरावं, थंडी असते, शाल द्या. बायका भाकरी थापत असतील तिथे तिने बसावं. तुम्हीही बसा.

तिकिटं काढताना सुरतचा विचार करा. मुंबईहून सुरत आणि तिथून ताप्ती लाइनने नवापूर सोपं पडतं. त्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, धाकटा खूश होईल. फक्त २५ डिसेंबरला धरून चार दिवस काढू नका. नाताळच्या गर्दीत आजींना बोलायला उसंत नसते, त्यानंतरचा एक साधा रविवार पदरात पडेल अशी परतीची तारीख घ्या. आणि यॉनशॉपिंगचं पत्र या आठवड्यातच पाठवा. उत्तर निघण्याआधी आलं, तर फोटो छापून सोबत नेता येतील. त्यातले चेहरे ओळखणारी माणसं गावात अजून आहेत.