कौलारू घराच्या आतले फोटो काळोखे का येतात?

गुहागरजवळच्या आपल्या घराचे होमस्टेसाठी फोटो काढताना माजघर काळोखे आणि खिडकी मात्र पांढरीफटक येते, असे आपण लिहिले आहे. जांभ्याच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या यांमुळे आतल्या-बाहेरच्या उजेडात एवढी तफावत पडते की ती एकाच फोटोत मावत नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ ठेवून फक्त शटरचा वेग बदलत दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फोटो घ्यावेत व ते नंतर संगणकावर एकत्र करावेत. शटर सेकंदभर उघडे राहिले तरी बिघडत नाही. झोपाळा तेवढा स्थिर हवा.

दिवे मालवावेत, कारण दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचे माप) आणि पिवळा बल्ब २७०० केल्विनचा असल्याने एकच भिंत अर्धी निळसर, अर्धी पिवळट दिसते. कॅमेरा छातीच्या उंचीवर, अगदी समतल धरावा. तो वर रोखला की लाकडी खांब आत कलल्यासारखे दिसतात.

काचेच्या कौलातून जमिनीवर पडणारा उन्हाचा चौकोन डोळ्यांना मोहक वाटतो, पण फोटोत त्याचा निव्वळ पांढरा डाग होतो. त्यामुळे माझी पसंती ढगाळ दिवसाला आहे. मात्र पावसाळ्यात एसी खोलीतला कॅमेरा थेट पडवीत आणल्यास लेन्सवर बाष्प धरते, तेव्हा तो काही वेळ बंद बॅगेतच राहू द्यावा.