औषधांची पिशवी टेबलावर ओता

टीबीच्या जोडीला दुसरा मोठा आजार असेल तर काय करायचं, यावर मागच्या महिन्यात प्रश्न मागवले होते. आले ते बहुतेक एकाच वळणाचे. एक डॉक्टर असं म्हणतात, दुसरे तसं म्हणतात, आम्ही ऐकायचं कुणाचं? त्यातले सहा निवडले आहेत. नावं अर्थातच छापत नाही.

वडील ६१ वर्षांचे. बारा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्यांवर चांगली राहायची. दोन महिन्यांपूर्वी टीबी निघाला आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून शुगर ३०० च्या खाली येईना. शुगरचे डॉक्टर म्हणतात पथ्य पाळत नाहीत. टीबीच्या दवाखान्यात म्हणतात शुगरचं तिकडंच विचारा. वडील म्हणतात, अर्ध्या भाकरीवर आलो, आता काय हवा खाऊ? — परभणी जिल्हा

वडिलांचं म्हणणं आधी खरं माना. शुगर वाढायला इथं दोन कारणं आहेत आणि दोन्हींचा भाकरीशी संबंध नाही.

पहिलं कारण खुद्द टीबी. अंगात ताप आणि जंतुसंसर्ग असला की शुगर चढतेच. दुसरं कारण रिफाम्पिसिन, म्हणजे ज्या औषधानं लघवी केशरी होते ते. टीबीच्या उपचाराचा हा मुख्य खांब. पण ते यकृताला कामाला लावतं आणि यकृत इतर औषधं नेहमीपेक्षा झपाट्यानं निकालात काढायला लागतं. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी त्यात सापडते. गोळी पोटात जाते, पण तिचा जोर अर्ध्या वाटेत संपतो. मेटफॉर्मिनला त्याची तेवढी झळ बसत नाही, मात्र ती द्यायच्या आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी. अशा वेळी बरेचदा काही महिन्यांपुरतं इन्सुलिन द्यावं लागतं. 'इन्सुलिन लागलं म्हणजे आता शेवट' ही समजूत आपल्याकडं फार आहे. ती सोडा.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला की टीबीच्या गोळ्या बंद होतील. दोनेक आठवड्यांत यकृत पुन्हा आपल्या मूळ चालीवर येईल आणि वाढवून ठेवलेली शुगरची औषधं एकदम पुरी लागू पडायला लागतील. मग पहाटे घाम, थरथर, चक्कर, कधी बेशुद्धी. टीबी बरा झाल्याच्या आनंदात घरातलं कुणी शुगर तपासत नसतं. म्हणून टीबीचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला आहे, हे शुगरच्या डॉक्टरांच्या कागदावर आजच लिहून ठेवा.

आणि प्रत्येक वेळी, डॉक्टर कोणतेही असोत, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर ओता. गुडघ्याची गोळी, झोपेची गोळी, आठवडी बाजारात मिळालेली पुडीसुद्धा. पुडी लपवू नका. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. ते शुगर वाढवतं आणि टीबीला रान मोकळं करून देतं. माझ्या टेबलावर एकदा पिशवीतून एकाच औषधाच्या तीन कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या होत्या. आजी तिन्ही घेत होत्या, इमानेइतबारे.

आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो. बायकोला टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला. दसऱ्यानंतर टोळी कर्नाटकात जाणार. मुकादमाची उचल घेतलेली आहे, जावंच लागतं. गोळ्या तिकडं कोण देणार? बरोबर चार वर्षांची पोरगी आहे. — वडवणी तालुका, बीड

जावंच लागतं हे मला कळतं, म्हणून 'जाऊ नका' असं लिहीत नाही. खरं तर तिनं निदान सुरुवातीचे दोन महिने कोयता धरू नये. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यातला अर्धा मागं राहिला की उचल फिटत नाही, तेही माहीत आहे.

गोळ्यांचं असं करा. बायकोचं नाव 'निक्षय' या सरकारी नोंदणीत आहे आणि तिला एक नंबर दिलेला आहे. ही नोंदणी देशभराची आहे, महाराष्ट्रापुरती नाही. निघायच्या किमान आठ दिवस आधी तुमच्या टीबी युनिटला जाऊन सांगा: अमुक कारखाना, अमुक तालुका, अमुक तारखेला निघतोय. ते लोक तिचं नाव तिकडच्या केंद्राकडं वर्ग करतात आणि वाटेत खंड पडू नये म्हणून पुरेशा गोळ्या बरोबर देतात. कारखाना ऐनवेळी बदलला, जे दर हंगामात होतं, तर १८००-११-६६६६ या मोफत नंबरवर फोन करून जवळचं केंद्र विचारा. निक्षय नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. शिवाय तंबाखूच्या चंचीत एका कागदावर लिहून ठेवा, कारण फडात मोबाइलचा भरवसा नसतो. पोषणाचे महिना १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते) खात्यावर येतात. बदलीमुळं ते थांबत नाहीत, फक्त खातं आधारला जोडलेलं असावं.

पोरीला मात्र जाण्याआधीच दाखवा. खोकला, ताप, वजन न वाढणं यातलं काही असेल तर टीबीची तपासणी. काही नसेल तर टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधाचं औषध, वजनाप्रमाणे. पाच वर्षांखालच्या घरातल्या मुलांना ते द्यायचंच असतं. कोपीत एकाच पाचटाच्या छपराखाली आई आणि लेकरू झोपणार, तेव्हा हे टाळू नका. तुमचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

मुकादमाला सांगावं का, असं चिठ्ठीच्या मागच्या बाजूला विचारलंय. माझं मत: गोळ्या नियमित चालू असल्या की काही आठवड्यांत संसर्गाची भीती खूपच कमी होते, थुंकीची फेरतपासणी तेच सांगते. सांगायचंच असेल तर ती तपासणी नीट आल्यावर सांगा.

सुनेला टीबी आहे. ताट-वाटी, कपडे वेगळे ठेवले आहेत. बाळाला अंगावर पाजू देत नाही. बरोबर आहे ना? — औसा

नाही. टीबी ताटातून पसरत नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. खिडक्या उघडा, सुनेनं तोंडाला रुमाल किंवा मास्क लावावा आणि बाळाला पाजावं. बाळाला प्रतिबंधाचं औषध लागेल, त्यासाठी त्याच दवाखान्यात न्या. ताट एकच असू द्या.

मला एचआयव्ही आहे, गोळ्या एआरटी केंद्रातून घेतो. आता मानेत गाठ आली, टीबी निघाला. टीबीच्या दवाखान्यात आमच्या गावचाच माणूस कामाला आहे. एचआयव्हीचं लपवलं तर चालेल का? एआरटीवाल्यांनी गोळीचा डोसही वाढवला, तो का? — जालना

तुमची भीती खोटी नाही, पण लपवणं महागात पडेल. डोस का वाढवला यातच त्याचं उत्तर आहे. वर ज्या रिफाम्पिसिनचं लिहिलं तेच तुमच्या डोलुटेग्राविर या एचआयव्हीच्या गोळीलाही लवकर संपवतं. म्हणून ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही आणखी दोन आठवडे. हे एआरटी केंद्राला जमलं, कारण त्यांना दोन्ही आजार माहीत होते. एका टेबलावर एक आजार आणि दुसऱ्या टेबलावर दुसरा सांगितला असता, तर दोन्ही औषधं घेऊनही विषाणू वाढत राहिला असता.

गुप्ततेसाठी कायदा आहे. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही. उपचारासाठी गरज असेल तर एक डॉक्टर तुमच्या उपचारात असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला सांगू शकतो, पण ज्याचा उपचाराशी संबंध नाही त्याला नाही. तेव्हा खिडकीवरच्या माणसाशी बोलू नका. थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना बंद दाराआड सांगा आणि 'कागदावर मोठ्या अक्षरात लिहू नका' हेही सांगा. तसं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. फारच अडचण वाटली तर दुसऱ्या टीबी युनिटला नाव वर्ग करून मागा. आडबाजूला शंका विचारायच्या तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एचआयव्हीच्या गोळ्या नव्यानं सुरू केल्यावर काहींना टीबीची गाठ उलट मोठी होते, ताप परत येतो. औषध लागू पडत नाही असं वाटतं. बहुतेकदा उलटं असतं: मेलेली प्रतिकारशक्ती जागी होऊन भांडायला लागलेली असते. तुमच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत, तेव्हा तुमच्यात याची शक्यता कमी. तरी गाठ वाढली तर गोळ्या बंद न करता दाखवायला या. आणि पत्नी गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील व उद्या त्यांनाही टीबीचं औषध सुरू झालं, तर त्या गोळ्यांचा भरवसा उरत नाही. दुसरं साधन वापरावं लागेल.

भावाला औषधाला न जुमानणारा टीबी आहे. लांबचा कोर्स चालू आहे. पंधरा दिवसांपासून रात्री झोपत नाही, कुणीतरी मारायला आलंय म्हणतो, कधी रडतो. घरचे म्हणतात बाहेरचं आहे, देवऋषाकडं न्यायचं ठरलंय. — गंगाखेड

आधी औषधांची पट्टी पाहा. त्यात सायक्लोसेरीन असेल तर हे 'बाहेरचं' बहुधा त्या पट्टीतलंच आहे. हे औषध काहींच्या मेंदूवर परिणाम करतं: झोप उडते, संशय येतो, उदास वाटतं, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. आजच, म्हणजे हे वाचून झाल्यावर लगेच, ज्या केंद्रातून उपचार सुरू केला तिथं फोन करा. डोस बदलायचा, औषध काढायचं की जोडीला मानसोपचाराचं औषध द्यायचं, हे छातीचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून ठरवतात. तुम्ही आपल्या मनानं सगळंच बंद केलंत तर आधीच चिवट झालेला जंतू आणखी चिवट होईल. तोवर त्याला एकटं सोडू नका, शेतात फवारणीचं औषध असेल ते कुलपात ठेवा. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

देवऋषाकडं जाऊन आला तरी माझा राग नाही. फक्त गोळी चुकवू नका आणि तिथं त्याला मारहाण होऊ देऊ नका.

हा कोर्स एकट्या डॉक्टरचं कामच नाही. त्यातल्या बेडाक्विलिन या औषधासाठी मधूनमधून ईसीजी, लिनेझोलिडसाठी रक्त, नजर आणि पायांची आग तपासावी लागते, क्लोफाझिमिननं अंग काळवंडतं. ते पाहून घरचे घाबरतात, तो रंग पुढं हळूहळू उतरतो. २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या नव्या कोर्सला आपल्या आरोग्य मंत्रालयानं मान्यता दिली. त्यात सायक्लोसेरीन नाही. भावाला तो चालेल का, हे विचारून घ्या. सगळ्यांना चालत नाही.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नवीन वैद्यकीय अधिकारी आहे. पेशंट रेफर करते, पण पुढं काय झालं ते कधीच कळत नाही. तो दोन महिन्यांनी चुरगळलेलं डिस्चार्ज कार्ड घेऊन येतो, त्यावरचं अक्षर लागत नाही. टीमनं उपचार करा म्हणतात, टीम आहे कुठं? — धाराशिव जिल्हा

डॉक्टरबाई, बारा वर्षांपूर्वी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप गेलेली, कृत्रिम झडप बसवलेली एक बाई. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची. तिला टीबी झाला, रिफाम्पिसिन सुरू झालं, तशी ती गोळी लागू पडेना, म्हणून मी डोस वाढवत दुपटीच्या पुढं नेला. तेवढं मला जमलं. टीबीचा कोर्स तिच्या तालुक्यात संपला. तिथल्या डॉक्टरनं 'बरी झाली' लिहून तिला मोकळं केलं. माझ्याकडं ती आली महिन्यानं, नाकाला पदर लावून, पदर रक्तानं भिजलेला. गोळीचा डोस वाढवलेलाच होता आणि तिचा जोर ओढून घेणारं रिफाम्पिसिन बंद झालं होतं. ती वाचली. तालुक्याच्या डॉक्टरला झडपेचं ठाऊक नव्हतं, कारण मी त्याला एका ओळीची चिठ्ठीही दिली नव्हती.

टीम होऊ शकते. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे पेशंट आले तेव्हा नाक-कान-घसा, डोळे, जबडा, मूत्रपिंड आणि शुगर पाहणारे एकाच खाटेभोवती उभे राहिलेले मी पाहिलेत. साथ ओसरली, जो तो आपल्या ओपीडीत गेला.

तुम्ही त्याची वाट पाहू नका. रेफरच्या चिठ्ठीवर 'पुढील उपचारांसाठी पाठवत आहे' एवढंच लिहिलंत तर तिचा उपयोग नाही. तुमचा प्रश्न लिहा. 'टीबीचा तिसरा महिना, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा) २.१, टीबीचं एथॅम्ब्युटॉल कसं द्यावं?' प्रश्न असला की वरचा निवासी डॉक्टर, कितीही दमलेला असो, उत्तर लिहितो. चालू औषधं डोससकट, सुरू केल्याची तारीख, ॲलर्जी. पेशंटचं गाव आणि आशाताईंचं नाव लिहा, म्हणजे सुट्टी देताना कुणाच्या भरवशावर देतोय हे त्यांना कळतं. साध्या शंकेसाठी पेशंटला ऐंशी किलोमीटर एसटीत बसवण्याआधी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर तज्ज्ञांना विचारून बघा. नेट चालू असेल त्या दिवशी काम होतं.

आणि चिठ्ठीच्या खाली स्वतःचा मोबाइल नंबर लिहा. माझ्या वरिष्ठांनी मला तेव्हा वेड्यात काढलं होतं, लोक रात्री उठवतील म्हणाले. त्या झडपेच्या बाईनंतर मी लिहायला लागलो. महिन्यातून दोन-तीनदा वाजतो, बहुतेकदा जेवताना.